निळू खंड्याचा पहिला मासा

त्या दिवशी वारा नव्हता. जराही नव्हता. पिंपळाचं पान हलत नव्हतं. आणि पिंपळाचं पान म्हणजे काय, कुणी नुसतं शिंकलं तरी हलतं! थंडीचे दिवस. सकाळ झाली होती, पण ऊन नव्हतं. तळ्यावर एक ढग येऊन बसला होता. काळा काळा, जड जड. जागचा हलत नव्हता.

आदल्या दिवशी मात्र वारा सुटला होता. कसला सुटला होता! पत्रे वाजले, फांद्या मोडल्या, धुणं उडून गेलं. आज सगळं गप्प.

तळं एका मोठ्या शहराच्या कडेला. पलीकडे उंच उंच इमारती. अलीकडे चिखल, गवत आणि मातीची दरड. दरडीत एक बीळ. बिळात राहायचा एक खंड्या. त्याचं नाव निळू.

खंड्या पाहिलाय ना तुम्ही? पाठ निळी, पोट नारिंगी, आणि चोच? एवढी लांब! निळू तसाच. पण एवढासा. मुठीत मावेल एवढा.

रोज आई मासा आणायची. निळू आ करायचा. आई भरवायची.

पण आज आई बिळातच बसून होती.

"आई, भूक," निळू म्हणाला.

"बाळा, काल वाऱ्याने मला झाडावर आपटलं," आई म्हणाली. "पंख दुखतोय. आज उडवत नाही रे."

निळूने आईकडे बघितलं. आई कालपासून उपाशी होती.

"आई, आज मासा मी आणतो."

"तू?"

"मी!"

आई हसली. "आण हो. पण शिकवलंय ते ध्यानात ठेव. मासा धरायचा. मासा आपटायचा. आपण गिळायचा तर डोकं आत. दुसऱ्याला द्यायचा तर डोकं बाहेर."

"डोकं आत, डोकं बाहेर!" निळू म्हणाला, आणि सुर्र सुर्र उडाला.

तळ्यात एक ओंडका उभा होता. त्यावर शेजारचे पाणकावळेकाका बसले होते. काळे कुळकुळीत. दोन्ही पंख पसरून, जणू धुणं वाळत घातलंय.

निळू ओंडक्यावर टेकला.

"ए बाळ! ऊठ, ऊठ!" काका म्हणाले. "हा ओंडका कोळ्यांचा आहे. तू कोळी आहेस का?"

"आज होणार आहे," निळू म्हणाला. "आईसाठी मासा नेणार आहे."

"खॅ खॅ खॅ!" काका हसले. "म्हणे मासा नेणार! मासा चोचीत आला की वाटेतच गडप करशील. मीपण पिल्लू होतो बरं. मला ठाऊक आहे."

निळू उठला. दुसरीकडे गेला.

काठावर बारकूआजा बसला होता. पांढऱ्या मिशा, डोक्याला मफलर. रोज सकाळी शहरातून सायकल मारत यायचा आणि गळ टाकून बसायचा. हातात बांबूची काठी. काठीला दोरा. दोऱ्याला गळ. गळाला कणकेची गोळी. आणि दोऱ्यावर मोरपिसाच्या दांड्याचा बोया. बोया पाण्यावर तरंगायचा. मासा लागला की बोया बुडायचा.

निळू जाऊन बसला कुठे? आजाच्या काठीच्या टोकावर!

ढगाखाली पाणी काळं. आत काही दिसेना. तरी निळूने उडी मारली.

डुबुक! चोच रिकामी.

डुबुक! चोचीत शेवाळ. थू थू!

डुबुक! आणि काय? मासोळी! चांदीसारखी, चकचकीत, वळवळणारी मासोळी!

निळू काठीवर येऊन बसला. आता काय करायचं? धरून झाला, आता आपटायचा. त्याने मासा उचलला आणि आपटला, त्या काठीवरच!

अरे वेड्या! काठी बांबूची. बांबू झुलतो. टोंइंग! काठी खाली गेली, काठी वर आली, आणि मासोळी उडाली भिर्रर्र! उडाली ती पडली कुठे? आजाच्या डब्यात.

टुबुक!

डबा पत्र्याचा. उंच. तोंड एवढंसं. आत थोडं पाणी. निळूने वाकून बघितलं. मासोळी आत गोल गोल फिरत होती. चोच पोचेना. आत उडी मारावी, तर पंख अडकतील.

निळू म्हणाला,
"डबेदादा, डबेदादा, मासा दे ना!
आई माझी उपाशी."

"दुसरा धर की," डबा म्हणाला. ठण ठण वाजत म्हणाला.

"पाणी काळं. काही दिसत नाही. हाच किती वेळाने मिळाला!"

"मग मी काय करू? मला का हात आहेत? आजाने उठून मला तिरका केला, तर मी मासा देईन. नाहीतर नाही."

सुर्र सुर्र, निळू गेला आजाकडे.
"आजा, आजा, ऊठ ना!"

"का रे निळू, काय झालं?"

"डबा मासा देईना.
आई माझी उपाशी,
आता मी काय करू?"

"शूss. हळू बोल," आजा म्हणाला. त्याचे डोळे बोयावर. "एकदा गळ टाकला की बोया बुडेपर्यंत मी उठत नाही. माझ्या बापाने घालून दिलेला नेम आहे. बोया बुडाला तर मी उठेन. नाहीतर नाही."

सुर्र सुर्र, निळू गेला बोयाकडे.
"बोयाभाऊ, बोयाभाऊ, बुड ना!"

"का रे निळू, काय झालं?"

"आजा उठेना,
डबा मासा देईना.
आई माझी उपाशी,
आता मी काय करू?"

"आपणहून कसा बुडू?" बोया म्हणाला. डुलत डुलत म्हणाला. "खोटा बोया म्हणतील मला! रोहू वर आली, तिने गळ ओढला, तर मी बुडेन. नाहीतर नाही."

सुर्र सुर्र, डुबुक! निळूने पाण्यात डोकं घातलं.
"रोहूमावशी, रोहूमावशी, वर ये ना!"

"का रे निळू, काय झालं?"

"बोया बुडेना,
आजा उठेना,
डबा मासा देईना.
आई माझी उपाशी,
आता मी काय करू?"

रोहूमावशी मोठी. जाडजूड. पोट चिखलात घालून बसली होती.

"मला गळाची भीती नाही हो," ती म्हणाली. "आजाचा पहिला मासा तळ्याला परत जातो. मी कितीदा तरी वर जाऊन आलेय. आजा माझ्याकडे बघतो, मी आजाकडे बघते, की पुन्हा पाण्यात. पण आज पाणी कसलं गार आहे! कोण उठतंय? म्हैस पाण्यात उतरली, चिखल ढवळला, खाऊ वर आला, तर मी येईन. नाहीतर नाही."

सुर्र सुर्र, निळू गेला म्हशीकडे. म्हैस काठावर रवंथ करत होती. चबचब, चबचब.
"म्हशीआत्या, म्हशीआत्या, पाण्यात उतर ना!"

"का रे निळू, काय झालं?"

"रोहू वर येईना,
बोया बुडेना,
आजा उठेना,
डबा मासा देईना.
आई माझी उपाशी,
आता मी काय करू?"

"उतरले असते रे," म्हैस म्हणाली. चबचब, चबचब. "पण कानात गोचीड बसलीय. अशी चावते, अशी चावते! मला दुसरं काही सुचतच नाही. बगळ्याने गोचीड काढली तर मी उतरेन. नाहीतर नाही."

सुर्र सुर्र, निळू गेला बगळ्याकडे. बगळा एका पायावर उभा. मान आत, चोच आत. पांढऱ्या गाठोड्यासारखा.
"बगळेबुवा, बगळेबुवा, गोचीड काढा ना!"

"का रे निळू, काय झालं?"

"म्हैस पाण्यात उतरेना,
रोहू वर येईना,
बोया बुडेना,
आजा उठेना,
डबा मासा देईना.
आई माझी उपाशी,
आता मी काय करू?"

"हुडहुडहुड," बगळा म्हणाला. "गारठलोय रे. दुसरा पाय खाली ठेवायची हिंमत नाही. ढग हलला, ऊन पडलं, तर गोचीड काढेन. नाहीतर नाही. हुडहुडहुड."

निळूने वर बघितलं. ढग किती उंच! खंड्या काही तेवढा उंच उडत नाही. खंड्या उडतो पाण्याला लागून. निळूचे पंख तर चिमुकले. पण बिळात आई होती.

सुर्र सुर्र, वर. सुर्र सुर्र, आणखी वर.
"ढगोबा, ढगोबा, हला ना!"

"का रे निळू, काय झालं?"

"बगळा गोचीड काढेना,
म्हैस पाण्यात उतरेना,
रोहू वर येईना,
बोया बुडेना,
आजा उठेना,
डबा मासा देईना.
आई माझी उपाशी,
आता मी काय करू?"

ढगाने मोठ्ठी जांभई दिली. "मला पाय कुठे आहेत? मी जातो तो वाऱ्याच्या जोरावर. वाऱ्याने ढकललं तर मी हलेन. नाहीतर नाही."

"वारा कुठाय?"

"त्या तिकडे. कालपासून तोंड लपवून बसलाय."

सुर्र सुर्र, निळू निघाला. तळं मागे राहिलं. आजा दिसला ठिपक्याएवढा. समोर इमारत, तिच्यामागे इमारत, सगळ्यांत उंच इमारतीवर गच्ची. गच्चीवर पाण्याची टाकी. आणि टाकीच्या मागे, अगदी कोपऱ्यात, अंग चोरून बसला होता वारा.

निळूला धाप लागली होती. हा हू, हा हू. तरी तो म्हणाला,
"वारामामा, वारामामा, ऊठ ना!"

"का रे निळू, काय झालं?"

"ढग हलेना,
बगळा गोचीड काढेना,
म्हैस पाण्यात उतरेना,
रोहू वर येईना,
बोया बुडेना,
आजा उठेना,
डबा मासा देईना.
आई माझी उपाशी,
आता मी काय करू?"

वारा हळूच म्हणाला, "आई का उपाशी?"

"तिचा पंख दुखतोय. काल वाऱ्याने तिला आपटलं."

"तो वारा मीच," वारा म्हणाला. "खेळत होतो रे. अंगात आलं, भानच राहिलं नाही. म्हणून तर इथे बसलोय. म्हटलं, हललो तर पुन्हा कुणाला लागेल."

निळूने मान वाकडी करून बघितलं. एवढा मोठा वारा, आणि रडवेला झालेला!

"मग जोरात नको," निळू म्हणाला. "हळूच हल. हळू हललं की कुणाला लागत नाही."

"असं म्हणतोस?"

"असं म्हणतो."

वारा उठला. नाहीतर नाही, असं काही तो म्हणाला नाही. लगेच उठला. निळूला त्याने अल्लद पाठीवर घेतलं आणि तळ्याकडे निघाला.

मग काय झालं?

वाऱ्याने ढगाला ढकललं. फूsss!
ढग हलला. सर सर सर.
ऊन पडलं. लख्ख!
बगळ्याने दुसरा पाय खाली ठेवला. टप!
बगळा म्हशीवर बसला, गोचीड काढली. चट्!
"हाsss," म्हैस म्हणाली. "बरं वाटलं गं बाई!"
म्हैस पाण्यात उतरली. धबाक्!
चिखल ढवळला. बुडबुड बुडबुड.
रोहू वर आली. सळ सळ सळ.
खाऊ बघितला, कणीक बघितली. गपकन!
गळ ओढला, आणि बोया बुडाला. गुडुप!

"बुडाला! बुडाला!" आजा ओरडला. ओरडला आणि उठला! बांबूची काठी वाकली. आजाने हळूहळू दोरा ओढला. ओढला, सोडला. ओढला, सोडला. पाण्यातून वर आली रोहूमावशी. जाडजूड, लालसर, ओली ओली.

"तूच का पुन्हा!" आजा हसला. "चांगली पोसलीस गं." आजाने तिच्या ओठातून गळ काढला, अगदी हलक्या हाताने. मग तिला दोन्ही हातांवर धरून पाण्यात ठेवलं. "पहिला मासा तळ्याचा. तळ्याने आम्हाला पोसलं. जा बाई." रोहूने शेपटी मारली. आजाचं तोंड भिजलं. रोहू गेली.

"आता तुझं बघू," आजा म्हणाला. "अरे, माझ्या काठीवर कुणी मासा आपटतं का? काठी झुलणारच. मासा आपटावा दगडावर. आणि तुझा पहिला मासा कुणाचा रे?"

"आईचा!"

आजाने मान डोलावली. मग त्याने डबा तिरका केला. डबा म्हणाला, "घे रे दादा!" ठण ठण. मासोळी आली घरंगळत, दगडावर पडली.

निळूने मासोळी धरली. दगडावर आपटली. टप! टप! दगड काही झुलला नाही.

आणि निळू निघाला.

"मिळाला का रे?" बगळ्याने विचारलं. निळू बोलतो कसला? चोचीत मासा!

"मिळाला का रे?" म्हशीने विचारलं. निळूने नुसती शेपटी हलवली.

पण वाटेत काय झालं? निळूचं पोट बोललं. गुर्रर्र. तोही सकाळपासून उपाशीच की! मासा चोचीतच होता. डोकं आतल्या बाजूला होतं. गपकन गिळला असता, तर कुणाला कळलं असतं?

निळू गवताच्या काडीवर टेकला.

ओंडक्यावरून पाणकावळेकाका बघत होते. "बघा हं," ते म्हणाले. "आता गिळतोय."

गुर्रर्र, पोट म्हणालं. गिळ.

निळूने मासोळी हवेत उडवली. मासोळी फिरली. निळूने ती परत झेलली.

डोकं बाहेर!

"अरे!" काका म्हणाले.

सुर्र सुर्र, निळू बिळात शिरला. आत अंधार. अंधारात आई.

"आलास बाळा?"

निळू पुढे झाला. आईने आ केला. रोज निळू आ करायचा. आज आईने केला. निळूने मासा पुढे धरला. डोकं आधी, शेपटी मागून. काटा टोचला नाही, काही नाही. गुळुक!

आईने डोळे मिटले. मग उघडले. "असा मासा," ती म्हणाली, "मी कधी खाल्ला नाही हो."

निळू फुगला. फुगला, फुगला, पेरूएवढा झाला! बिळात मावेना, म्हणून बाहेर आला.

बाहेर लख्ख ऊन. पाणी आरपार दिसत होतं. ही मासोळी, ती मासोळी, किती मासोळ्या! वारामामा हळूच वाहत होता. पिंपळाची पानं सळसळत होती.

आता निळू आपल्यासाठी मासा धरणार होता. मग संध्याकाळी पुन्हा आईसाठी. पण बसायचं कुठे? काठीवर नको. काठी झुलते. त्याने ओंडक्याकडे बघितलं. मग दुसरीकडे बघितलं.

पाणकावळेकाकांनी सकाळपासून पसरलेले पंख मिटले. घसा खाकरला. ओंडक्यावर थोडे बाजूला सरकले. आणखी थोडे सरकले. निळूपुरती छान जागा झाली.

"या, निळूराव," काका म्हणाले. "बसा. हा ओंडका कोळ्यांचा आहे."